मुखोद्गत ते हृद्गत : अरबी शिकू पाहणाऱ्या मराठी वाचकासाठी प्रस्तावना

दिवसाच्या पाच नमाजांत मिळून 17 फर्ज रकाती होतात. फजरच्या दोन, जोहरच्या चार, असरच्या चार, मगरिबच्या तीन आणि इशाच्या चार. सुन्नत, वित्र, नफ्ल यांचा हिशेब वेगळा. एकटा माणूस नमाज पढतो तेव्हा तो प्रत्येक रकातीत सूरह फातिहा म्हणतो. जमातीत इमामाच्या मागे उभा असेल, तर मराठवाड्यातला हनफी मुसलमान ती मुकाट ऐकतो आणि कोकणातला शाफई इमामाच्या मागेही मनातल्या मनात म्हणून घेतो. सातव्या-आठव्या वर्षी नमाज शिकलेला माणूस साठीला पोचेपर्यंत या सात आयती किती हजार वेळा उच्चारत असेल, याची मोजदाद कोणी करत नाही. झोपेतून उठवलं तरी त्या बिनचूक म्हणणारी माणसं छत्रपती संभाजीनगरच्या कुठल्याही मोहल्ल्यात भेटतील. पण त्या आयतींत आपण नेमकं काय मागितलं, कोणाला उद्देशून मागितलं, कोणत्या शब्दावर भर दिला, असं विचारलं की बहुतेकांना उर्दू तर्जुमा उघडावा लागतो. ज्यांना उर्दू वाचता येत नाही, त्यांच्यासाठी ती वाटही बंद असते.

हे पुस्तक मुख्यतः या शेवटच्या वाचकासाठी लिहिलेलं आहे. मराठी माध्यमात शिकलेला, मराठीत विचार करणारा, मकतबात बसून कुरआन शरीफचा नाजरा पूर्ण केलेला, अक्षरं ओळखणारा, पण वाक्य न उमगणारा असा हा वाचक. त्याला अरबी का शिकावी, शिकून त्याच्या उपासनेत काय फरक पडेल, आणि काय पडणार नाही, हे आधी स्पष्ट केलं म्हणजे पुढचे धडे त्याला ओझं वाटणार नाहीत.

सुरुवात, काय पडणार नाही यापासून करू. अरबी न येणाऱ्याची नमाज अपुरी राहत नाही. आयुष्यभर अर्थ न कळता फातिहा म्हणणाऱ्या, पण शेजारणीच्या घरात चूल पेटली की नाही याची रोज चौकशी करणाऱ्या आजीची इबादत व्याकरण शिकलेल्या नातवापेक्षा कमी दर्जाची आहे, असं कोणताही जाणता आलिम म्हणणार नाही. कुरआनाच्या एकेका अक्षराच्या तिलावतीला दहा नेकी मिळतात, अशी हदीस तिरमिजीच्या संग्रहात आहे. अडखळत, कष्टानं वाचणाऱ्याला दुप्पट सवाब असल्याची हदीस तर बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तेव्हा नुसत्या पठणाला किंमत नाही, असा या पुस्तकाचा दावा नाही. दावा एवढाच आहे की जे मुखोद्गत आहे, ते हृद्गत करण्यासाठी घेतलेले कष्ट हीसुद्धा इबादतच आहे, आणि हे कष्ट आपण समजतो त्यापेक्षा खूप कमी आहेत.

नमाज मातृभाषेतच का पढू नये, हा प्रश्न तरुण मुलं विचारतात. तो उद्धटपणाचा प्रश्न नाही, आणि नवाही नाही. आठव्या शतकात, इराकात नव्यानं मुसलमान झालेल्या फारसी भाषकांच्या संदर्भात, इमाम अबू हनीफा यांच्यासमोर तोच प्रश्न होता. नमाजेतलं पठण फारसीतून करता येईल, असं मत त्यांच्या नावावर नोंदलेलं आहे. त्यांचे शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद यांनी ती मुभा अरबी म्हणताच येत नाही अशांपुरती ठेवली, आणि इमामांनी पुढे आपलं मत बदललं, असंही हनफी परंपरा सांगते. विसाव्या शतकात तुर्कस्तानात अजान तुर्की भाषेत देण्याचा सरकारी हुकूम निघाला. 1932 पासून 1950 पर्यंत तो चालला आणि सरकार बदलताच लोकांनी अरबी अजान परत आणली. म्हणजे प्रयोग झाले, वाद झाले, आणि त्यातून सर्व पंथांत एक समजूत स्थिरावली: नमाजेचे शब्द अरबीच राहतील, त्यांचा अर्थ मात्र ज्यानं त्यानं आपल्या भाषेत समजून घ्यायचा. या समजुतीमुळेच जालन्याचा शेतकरी आणि इंडोनेशियाचा मच्छीमार मक्केत एका सफेत उभे राहून एकाच वाक्यावर आमीन म्हणू शकतात. जगातल्या मुसलमानांपैकी अरबी मातृभाषा असलेले साधारण पाचातले एक असतील. बाकीच्या चौघांनी ही भाषा उपासनेची भाषा म्हणून पत्करली आहे.

यातला पहिला अर्धा भाग आपण चोख पाळला. दुसरा अर्धा, म्हणजे अर्थ समजून घेण्याचा, दर पिढीत नव्यानं उभा करावा लागतो. सूरह इब्राहीममध्ये तर स्पष्टच म्हटलं आहे की प्रत्येक रसूल आपल्या लोकांच्या भाषेतच पाठवला गेला, कारण लोकांना समजणं हा संदेशाचा हेतू होता.

देवाशी कोणत्या भाषेत बोलावं, हा वाद आपल्या जिल्ह्याला नवा नाही. पैठणच्या एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरची मराठी टीका 1573 मध्ये काशीत पूर्ण केली, तेव्हा संस्कृतातलं ज्ञान प्राकृतात आणल्याबद्दल त्यांना काशीच्या पंडितांचा रोष पत्करावा लागल्याची कथा महाराष्ट्र सांगत आला आहे. पैठणपासून खुलदाबाद फार दूर नाही. तिथे चौदाव्या शतकात आलेल्या हजरत बुरहानुद्दीन गरीब यांची शिकवण त्यांच्या मुरीदांनी फारसीत लिहून ठेवली. 1337 मध्ये त्यांचं निधन झालं, पण त्यांच्या नावावरून तापीकाठी बुरहानपूर वसलं, एवढा त्यांचा प्रभाव राहिला. दख्खनच्या सूफींनी पुढे सामान्य माणसाशी दखनीत बोलायला सुरुवात केली. दिल्लीत शाह वलीउल्लाह यांनी अठराव्या शतकात कुरआनाचा फारसी तर्जुमा केला आणि त्यांचे पुत्र शाह अब्दुल कादिर यांनी 1790 मध्ये उर्दू. निजामाच्या राज्यात उर्दू ही कचेरीची आणि शाळेची भाषा झाल्यावर औरंगाबादच्या घराघरांत धर्माची समज उर्दूतूनच येऊ लागली. इबादत अरबीत, शिकवण आधी फारसीत, मग दखनी-उर्दूत. पायऱ्या बदलत गेल्या, पण चढून जायची जागा एकच राहिली.

1956 मध्ये मराठवाडा हैदराबादपासून वेगळा होऊन मराठी मुलखाला जोडला गेला आणि हळूहळू ही पायरीही हलली. शहरात उर्दू शाळा अजूनही भरलेल्या असतात. पण कन्नड, सिल्लोड, गंगापूर, वैजापूर या तालुक्यांतल्या खेड्यापाड्यांतली मुसलमान मुलं जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत जातात. घरी दखनी बोलतात, शाळेत मराठी लिहितात, संध्याकाळी मकतबात अरबी अक्षरं गिरवतात. उर्दू त्यांच्या कानाला परिचित आहे, डोळ्यांना नाही. जुम्म्याच्या खुतब्याआधीचं उर्दू बयान त्यांना कळतं, पण उर्दू तफसीर ते वाचू शकत नाहीत. त्यांच्यासाठी देवनागरीत उतरवलेले सिपारे बाजारात आले आहेत, मराठी तर्जुमेही आहेत. दोन्हींचा उपयोग मोठा आहे, आणि दोन्हींच्या मर्यादाही ओळखून असाव्यात.

देवनागरीची मर्यादा उच्चाराची आहे. अरबीत 28 अक्षरं आहेत. त्यांतली से, सीन आणि स्वाद ही तीन अक्षरं आपण एकाच 'स'नं लिहितो. जाल, जे, ज्वाद, जोय ही चार अक्षरं एकाच 'ज'वर, फार तर खाली नुक्ता देऊन, भागवतो. दोन 'ह' एकात मिसळतात, दोन 'त' एकात. ऐन तर 'अ'मध्ये नाहीसाच होतो. उर्दू बोलणाराही हे आवाज एकाच तऱ्हेनं उच्चारतो, पण निदान त्याच्या लिपीत ते वेगळे दिसतात. त्यात आपल्या भागात दखनीची आणखी एक खोड आहे. घशातून येणारा 'काफ' दखनी बोलणारा 'ख' करून टाकतो: कलम 'खलम' होतो. मकतबातले हाफिजसाब वर्षानुवर्षं सगळ्यात जास्त जर कशासाठी टोकत असतील तर या 'काफ'साठी. तजवीद हे शास्त्र नेमकं याचसाठी आहे: कोणतं अक्षर घसा, जीभ, टाळू, ओठ यांतल्या कोणत्या ठिकाणाहून निघतं, कुठे किती लांबवायचं, कुठे नाकात घुमवायचं, कुठे थांबायचं. पुस्तकातून तजवीद येत नाही. ती उस्तादाच्या तोंडाकडे पाहत, त्याच्या मागून म्हणत शिकावी लागते.

तर्जुम्याची मर्यादा वेगळी आहे. प्रत्येक तर्जुम्यामागे एक माणूस असतो आणि त्यानं अनेक शक्यतांतून एक निवडलेली असते. याचं ठळक उदाहरण आपल्याच शहरातलं आहे. मौलाना अबुल आला मौदूदी यांचा जन्म 25 सप्टेंबर 1903 रोजी औरंगाबादेत झाला. अरबी त्यांनी इथेच, लहानपणी, घरी आणि मदरशात शिकली. वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी कासिम अमीन या इजिप्शियन लेखकाचं स्त्रियांविषयीचं अरबी पुस्तक उर्दूत आणल्याचं त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे 1942 ते 1972 अशी तीस वर्षं खपून त्यांनी 'तफहीमुल कुरआन' हे सहा खंडांचं भाष्य लिहिलं. त्यांच्या राजकीय विचारांशी असहमत असणारे मुसलमान पुष्कळ आहेत, प्रस्तुत लेखकही त्यांत आहे. पण मुद्दा त्यांच्या बाजूचा किंवा विरुद्धचा नाही. अरबी न येणारा वाचक कोणत्याही भाष्यकाराच्या हाती पूर्णपणे असतो. त्याचं सांगणं मूळ वचनातून किती आलं आणि त्याच्या काळातून, स्वभावातून, राजकारणातून किती आलं, हे तपासायचं साधन त्या वाचकाकडे नसतं. थोडी अरबी आली तरी हे साधन हाती येतं. मग मान्य करायचं तेही समजून, नाकारायचं तेही समजून.

आता मकतबाविषयी. आपल्याकडे मकतबांना नावं ठेवायची पद्धत पडली आहे. ती अन्यायाची आहे. नूरानी कायद्यापासून अम्मा पाऱ्यापर्यंत आणि तिथून तीस पाऱ्यांपर्यंत मूल नेऊन सोडणं, त्याला परक्या लिपीतला मजकूर उजवीकडून डावीकडे सराईतपणे वाचायला शिकवणं, हे काम तुटपुंज्या पगारावर शेकडो मौलवीसाब आणि आपा करत आहेत. हाफिज मुलं तर सहा हजारांहून अधिक आयती पाठ करतात आणि रमजानच्या तरावीहमध्ये एकही पान समोर न ठेवता पूर्ण कुरआन ऐकवतात. स्मरणाची एवढी मोठी शिस्त आपल्या समाजात दुसरीकडे क्वचितच टिकली असेल. दुसऱ्या टोकाला आलिमचा अभ्यासक्रम आहे. लखनौच्या फिरंगी महलच्या मुल्ला निजामुद्दीन यांच्या नावानं ओळखला जाणारा दर्स-ए-निजामी आणि त्यातून निघालेले नंतरचे पाठ्यक्रम यांत सरफ म्हणजे शब्दांची घडण आणि नहव म्हणजे वाक्याचं व्याकरण यांना मोठी जागा आहे. मलिक अंबरनं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेल्या आपल्या जामा मशिदीतल्या काशिफुल उलूमपासून नंदुरबारच्या अक्कलकुव्यापर्यंत अशा मदरशांची परंपरा आहे.

अडचण या दोन टोकांच्या मधली आहे. नाजरा संपवून मुलगा दुकानात बसला, मुलगी सासरी गेली, की अरबीशी त्यांचा संबंध तिलावतीपुरता उरतो. सात-आठ वर्षं देऊन आलिम होणं प्रत्येकाला शक्य नाही आणि आवश्यकही नाही. दहावी-बारावीला राज्य मंडळाच्या परीक्षेत अरबी हा भाषाविषय घेता येतो. डॉ. रफिक झकेरिया यांनी 1963 मध्ये रौजा बागेत उभारलेल्या मौलाना आझाद महाविद्यालयासारख्या ठिकाणी तो पुढेही शिकता येतो. आखातात कामाला गेलेले आपले अनेक भाऊ बाजारातली, साइटवरची अरबी बोलत परततात. पण परीक्षेची अरबी गुणांपाशी थांबते. बाजारातली अरबी ही रोजची बोली आहे, तिच्यात कुरआनाच्या भाषेतले शब्दान्तीचे स्वर गळून गेले आहेत. नमाज पढणाऱ्या सामान्य माणसाला, त्याच्या नमाजेपासून सुरू होणारी आणि त्याच्या नमाजेतच मुरणारी अरबी देणारी पायरी कमी पडते. हे पुस्तक ती पायरी बांधण्याचा प्रयत्न आहे.

अर्थ कळल्यानं नमाजेत काय बदलतं? इमाम गजाली यांनी 'इह्या उलूमिद्दीन'मध्ये नमाजेच्या आतल्या सहा गोष्टी सांगितल्या आहेत: मनाची हजेरी, शब्दांचं आकलन, आदर, धाक, आशा आणि लाज. त्यांनी आकलन दुसऱ्या क्रमांकावर ठेवलं, यात एक कार्यकारणभाव आहे. मन हजर असूनही शब्द कळले नाहीत तर पुढच्या चारही भावना कशाला धरून उभ्या राहणार? धाक कशाचा, आशा कशाची, हे शब्दच सांगतात.

फातिहाच पाहा. तिची सुरुवात अल्लाहविषयी बोलण्यानं होते. तो कसा आहे, कोणाचा पालनकर्ता आहे, कोणत्या दिवसाचा मालक आहे. इथवर बोलणारा जणू दुसऱ्या कोणाला त्याच्याबद्दल सांगतो आहे. मग अचानक वाक्याचा रोख वळतो आणि 'तो'च्या जागी 'तू' येतो. स्तुती करता करता बोलणारा थेट समोर येऊन उभा राहतो. अरबी साहित्यशास्त्रात या वळणाला इल्तिफात म्हणतात. आणखी एक गोष्ट: एकटा माणूस, बंद खोलीत, पहाटे फजर पढत असला तरी त्याची विनवणी 'आम्ही' अशीच असते. जो हे जाणतो त्याला चौथ्या आणि पाचव्या आयतींमधल्या सांध्यावर नकळत थांबावंसं वाटतं.

रुकूत आणि सजद्यातही तसंच. कमरेत वाकल्यावर रबच्या थोरवीची तसबीह आहे. कपाळ जमिनीला टेकल्यावर मात्र त्याच्या सर्वोच्चपणाची. शरीर सर्वांत खाली असताना जीभ सर्वांत उंच असलेल्याचं नाव घेते, ही योजना अर्थ कळल्याशिवाय जाणवत नाही. अत्तहिय्यातमध्ये आपण रसूलना सलाम करतो, मग स्वतःला आणि मग जगातल्या सगळ्या भल्या माणसांना. वित्रच्या दुआ-ए-कुनूतमध्ये बंदा कोणती कबुली देतो आणि कोणता करार करतो, हे कळलं तर रात्रीचे शेवटचे ते दोन क्षण घाईत उरकता येणार नाहीत.

जनाजाच्या नमाजेबद्दल तर सांगायलाच हवं. आपल्या माणसाला निरोप देताना आपण जी दुआ पढतो, तिच्यात जिवंतांसाठी आणि मेलेल्यांसाठी, हजर असलेल्यांसाठी आणि नसलेल्यांसाठी, लहानांसाठी आणि मोठ्यांसाठी, पुरुषांसाठी आणि स्त्रियांसाठी मागणं असतं. आयुष्यात एखाद्या वेळी तरी शब्द समजायला हवेत असं ज्याला वाटतं, त्याला ते बहुधा तिथेच वाटतं. बापाच्या जनाजामागे उभा असलेला मुलगा आपण काय मागतो आहोत हे जाणून मागत असेल, तर त्या समजुतीचं मोल वेगळं सांगायला नको.

मराठी माणसाला ही भाषा वाटते तितकी परकी नाही. किताब, हक्क, हुकूम, मालक, वकील, हिशेब, सवाल, जवाब, हरकत, मदत, मुलूख, इमारत असे शेकडो शब्द फारसीच्या वाटेनं आपल्या बोलण्यात मुरले आहेत. अरबी शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या मुळातून घडतात. त्याच मुळाला वेगवेगळ्या साच्यांत ओतलं की करणारा, केलेलं, करण्याची जागा असे शब्द तयार होतात. किताब, कातिब, मकतब हे तिन्ही शब्द आपल्याला ठाऊक आहेत. त्यांच्यातलं नातं ध्यानात आलं की तोच साचा नव्या शब्दांवर चालवता येतो. दुसरी सोय विभक्तीची. वाक्यातलं शब्दाचं नातं प्रत्ययानं दाखवायची सवय मराठीला आहे. अरबीत ते काम शेवटच्या अक्षरावरचे पेश, जबर आणि जेर करतात. अरबीत लिंगं दोनच आहेत, त्यामुळे मराठीतल्या नपुंसकलिंगाची कटकट नाही. उलट द्विवचन आहे, जे मराठीनं सोडलं आणि संस्कृत शिकलेल्यांना आठवत असेल. कुरआनाची शब्दसंपत्तीही पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दांवर उभी आहे. नमाजेतले सगळे पाठ आणि अम्मा पाऱ्यातल्या शेवटच्या छोट्या सूरह नीट समजून घेतल्या तर कुरआनाच्या कोणत्याही पानावर ओळखीचे शब्द भेटू लागतात.

अरबी शिकली की माणूस अरबी वळणाचा होतो, आपल्या मातीपासून तुटतो, अशी शंका आपल्यातले काही आणि बाहेरचे बरेच बोलून दाखवतात. या शंकेला उत्तर म्हणून पाणचक्कीकडे जावं. बाबा शाह मुसाफिर यांच्या नक्शबंदी तकियाच्या आवारातली ही जागा पर्यटक पाण्यावर फिरणाऱ्या जात्यासाठी पाहतात. डोंगरातून जमिनीखालच्या नळांनी आणलेल्या पाण्यावर इथे फकीर आणि मुसाफिरांसाठी पीठ दळलं जायचं. याच तकियात अठराव्या शतकात मीर गुलाम अली आझाद बिलग्रामी राहायला आले. त्यांचा जन्म 1704 चा, अवधमधल्या बिलग्रामचा. हजला गेले, मदिनेत मुहम्मद हयात सिंधी यांच्याकडे हदीस शिकले, परत येऊन औरंगाबादेत स्थिरावले आणि 1786 मध्ये वारल्यावर खुलदाबादच्या मातीत विसावले. नासिरजंगासारख्या सत्ताधाऱ्यांचा स्नेह त्यांना होता, तरी त्यांनी आपलं आयुष्य लिहिण्यात घालवलं. रसूलच्या स्तुतीपर त्यांची अरबी कविता एवढी गाजली की प्रेषितांचे कवी हस्सान यांच्या नावावरून त्यांना 'हस्सानुल हिंद' म्हटलं गेलं.

1763-64 च्या सुमारास त्यांनी 'सुब्हतुल मरजान' हा अरबी ग्रंथ सिद्ध केला. त्याचे चार भाग आहेत. पहिल्यात तफसीर आणि हदीसमध्ये हिंदुस्तानचा उल्लेख कुठे कुठे येतो ते आहे. दुसऱ्यात हिंदी आलिमांची चरित्रं. तिसऱ्यात त्यांनी संस्कृत-हिंदी काव्यशास्त्रातले अलंकार अरबीत आणले आणि त्यांची उदाहरणं म्हणून स्वतः अरबी ओळी रचल्या. चौथ्यात भारतीय रसिकांना ठाऊक असलेले नायिकाभेद अरबी वाचकासमोर ठेवले. मदिनेत शिकलेला, रसूलच्या प्रेमात बुडालेला हा माणूस अरबांना सांगत होता की माझ्या मुलखाकडेही तुम्हाला देण्यासारखं आहे. अरबीनं त्याला मातीपासून तोडलं नाही. आपली माती जगापुढे मांडायला त्याला अरबीच उपयोगी पडली.

आझाद एकटे नव्हते. माहीमचे मखदूम अली (1372-1431) यांनी मुंबईच्या त्या बेटावर बसून 'तब्सीरुर्रहमान' हे कुरआनाचं अरबी भाष्य लिहिलं. बुरहानपुरात जन्मलेले अली मुत्तकी मक्केत गेले आणि 'कंजुल उम्माल' हा हदीसचा प्रचंड संग्रह रचून 1567 मध्ये तिथेच वारले. अरबी व्याकरणाचा पहिला मोठा ग्रंथ लिहिणारे सीबवैह हेही मूळचे फारसी. याउलट मराठवाड्यात चाऊस आडनावाची कुटुंबं आहेत, हद्रमौतहून आलेल्या अरब शिपायांचे वंशज. ती आज दखनी आणि मराठी बोलतात. रक्तातून भाषा येत नाही आणि भाषेतून रक्त बदलत नाही. जो शिकेल त्याची ती होते.

एक इशारा मात्र द्यायला हवा. थोडी अरबी आली की शब्दकोश उघडून फतवे काढायची खुमखुमी येते. खरी अरबी नेमकी उलट शिकवते. वजूच्या आयतीत पायांचा उल्लेख आहे. तिथल्या एका अक्षरावर जबर वाचली तर पाय धुण्याचा हुकूम होतो, जेर वाचली तर ओल्या हातानं पुसण्याचा अर्थ निघू शकतो. दोन्ही वाचनं परंपरेनं मान्य आहेत. सुन्नी पाय धुतात, शिया पुसतात, आणि दोघांच्याही पाठीशी शतकांचा व्याकरणाचा आणि हदीसचा विचार आहे. हे ज्याला ठाऊक आहे तो दुसऱ्याच्या वजूवर हसणार नाही. मतभेद अज्ञानातून किंवा खोडसाळपणातूनच होतात असं अरबी न येणाऱ्याला वाटू शकतं. ते मजकुराच्या समृद्धीतूनही होतात, हे भाषा येऊ लागली की दिसतं. मसला विचारायला मुफ्तीकडे जावंच लागेल. फरक इतकाच, की त्याचं उत्तर आता आपल्याला समजेल आणि अदबीनं पुढचा प्रश्नही विचारता येईल.

या पुस्तकाचा क्रम याच विचारातून ठरला आहे. आधी तक्बीर, तसबीह, फातिहा, अत्तहिय्यात आणि दुरूद. मग कुनूत आणि जनाजाची दुआ. मग अम्मा पाऱ्यातल्या लहान सूरह. आणि सरफ-नहवचे नियम लागतील तिथे, लागतील तेवढे. नियम पाठ करून मग मजकूर, असा उलटा प्रवास मुद्दाम टाळला आहे. मूळ मजकूर अरबी लिपीत आणि समजावणं मराठीत. देवनागरीतला उच्चार कुठेच दिलेला नाही, कारण तो दिला की डोळा तिकडेच जातो. उच्चारासाठी जवळच्या हाफिजसाबांकडे किंवा आपांकडे जाऊन बसा. गल्लोगल्ली घरांमध्ये बायकांचे कुरआन-वर्ग चालतात, तिथे हे पुस्तक चार-पाच जणींनी मिळून वाचलं तर एकटीनं वाचण्यापेक्षा लवकर पुढे जाईल.

मुसलमान नसलेल्या मराठी वाचकानंही हे पुस्तक हाती घ्यायला हरकत नाही. विनोबांनी प्रौढ वयात अरबी शिकून, उच्चार घोटून कुरआनाचा अभ्यास केला आणि 1962 मध्ये त्यांचं 'कुराण-सार' प्रसिद्ध झालं. शेजाऱ्याची प्रार्थना समजून घ्यावी एवढ्यासाठी परकी लिपी शिकणारा माणूस महाराष्ट्रानं पाहिला आहे. मग जी प्रार्थना आपल्या स्वतःच्या ओठांवर दिवसातून पाच वेळा येते, तिच्यासाठी आपण किती वेळ द्यायचा, याचं उत्तर ज्याचं त्यानं द्यावं.

पुस्तक संपवून मग नमाजेकडे वळू, असं मात्र करू नका. पहिल्या धड्यात रुकू आणि सजद्याच्या दोन तसबीह आहेत. दोन्हींचा अर्थ एका बैठकीत कळण्यासारखा आहे. तो कळला की त्या दिवसाची पुढची नमाज त्या अर्थासकट पढा आणि दुसरा धडा तिच्यानंतर उघडा.